कुंडीतले बागाईतदार

डोंबिवली पूर्वेच्या जुन्या इमारतींकडे खालून वर पाहिलं, तर प्रत्येक इमारतीला एक तरी खिडकी अशी सापडते, की जिच्यातून घरात उजेड येणं केव्हाच बंद झालेलं आहे. बाहेर काढलेला लोखंडी पिंजरा, पिंजऱ्यात कुंड्या, कुंड्यांच्या वर टांगलेल्या कुंड्या, तेलाचे पत्र्याचे डबे, आइस्क्रीमचे रिकामे डबे, थर्माकोलचं एक खोकं, आणि या सगळ्यातून डोकं बाहेर काढून खालच्या मजल्याला "पाणी पडलं का हो तुमच्याकडे?" असं विचारणारा, साठी उलटलेला एक गृहस्थ. पाणी पडलेलंच असतं. ते कोणाच्या चादरीवर पडलं, एवढाच प्रश्न असतो.

आमच्या इमारतीतल्या या गृहस्थांना आम्ही अप्पा म्हणतो. नव्या भाडेकरूने पहिल्याच भेटीत "बागेची हौस छान जोपासलीत हो" असं म्हटलं, तेव्हा अप्पांचा चेहरा उतरला. "हौस नाही," ते म्हणाले, "अभ्यास चालू आहे." आणि वही आणायला आत गेले. भाडेकरू तेव्हापासून जिन्यात अप्पा दिसले की चपलेचा बंद बांधायला खाली वाकतो.

अप्पांची हयात बँकेत गेली. लोक कर्ज कशासाठी मागतात ते तपासायचं आणि कारण पटलं तर वर पाठवायचं, हे त्यांचं काम. त्याचा परिणाम असा झाला की विनाकारण केलेली कुठलीही गोष्ट त्यांना बुडीत खात्यात गेल्यागत वाटते. हापूस ते खातात तो अ जीवनसत्त्वासाठी. दुपारी आडवे होतात ते पचनासाठी. भीमसेन लावतात ते रक्तदाबासाठी. मुलीच्या लग्नात वरातीपुढे नाचले, तेव्हासुद्धा घामाघूम होऊन बाजूला आल्यावर आम्हाला म्हणाले, "गुडघ्याला हालचाल सांगितली आहे डॉक्टरांनी." बागही तशीच. प्राणवायू, गांडूळखत, ओल्या कचऱ्याची विल्हेवाट, शहराचं वाढतं तापमान अशी चार कारणं त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहेत. मोगरा फुलला की बरं वाटतं, हे पाचवं कारण त्यात नाही.

या स्वभावाच्या माणसाला महाराष्ट्र सरकारइतका समजूतदार सोबती मिळणं कठीण. 1949च्या दारूबंदी कायद्याखाली आपल्या राज्यात प्यायला परवाना लागतो, आणि तो दिला जातो तो प्रकृती राखण्यासाठी. म्हणजे मजेखातर पिणारा माणूस सरकारदरबारी अस्तित्वातच नाही; जे कोणी परवान्यावर पितात ते सगळे उपचार घेत आहेत. हे अप्पांनी वाचलं आणि त्यांना भरून आलं. आपण जन्मभर जे तत्त्व पाळत आलो, ते राज्याच्या कायद्यातच लिहिलेलं आहे! त्यांनी हजार रुपये भरून आजीवन परवाना काढला आणि विम्याच्या पॉलिसी व पेन्शनचे कागद यांच्या मधोमध प्लास्टिकच्या पाकिटात ठेवला. बाटली तोवर घरात एकही आली नव्हती. आधी कागद, मग व्यवहार.

बाटलीला कारण मिळालं ते 27 जानेवारी 2022 ला. त्या दिवशी राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांवरच्या सुपरमार्केटांमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळेल, असं सरकार म्हणालं. वाइन म्हणजे दारू नव्हे, असं काही जण म्हणाले. दारू नव्हे तर काय सरबत आहे, असं उरलेले म्हणाले. अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला. पुढे तो निर्णय दुकानाच्या फळीपर्यंत पोचलाच नाही. पण अप्पांच्या घरापर्यंत पोचला. दोन्ही बाजूंची कात्रणं त्यांनी चिकटवून ठेवली आणि त्यांतला फक्त 'शेतकरी' हा शब्द लाल पेनाने अधोरेखित केला. "नाशिकच्या द्राक्षवाल्यांचं आपण काहीतरी देणं लागतो," ते मला म्हणाले. देणं महिन्याला दोन बाटल्या, असं त्यांनी हिशेब करून ठरवलं.

आता ही बाटली घरी आणायची कशी? डोंबिवलीत, आणि तीही फडके रोडवरून! ज्या गावात 1999 पासून गुढीपाडव्याला नववर्षाची शोभायात्रा निघते, ज्या रस्त्यावर गणेश मंदिरातून निघालेलं निम्मं गाव कधीही समोर येऊ शकतं, तिथे वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या लांबट वस्तूला आत नक्की काय आहे हे लपवता येत नाही. उलट वर्तमानपत्रामुळेच ते कळतं. अप्पांनी बागेचा आधार घेतला. आधी शिळ रस्त्याकडच्या नर्सरीत जायचं, कोकोपीटची वीट, थोडी निंबोळी पेंड आणि एखादं उंच रोप घ्यायचं. परतताना दुकानात शिरायचं. बाटली कोकोपीटच्या खाली आणि रोपाचा शेंडा पिशवीच्या बाहेर. शेंडा पाहून लोक विचारतात, "काय अप्पा, आज काय?" अप्पा खरं तेच सांगतात, "अनंत." किंवा "सोनचाफा." त्यामुळे झालं असं, की वाइन जसजशी येत गेली तसतशी बाग वाढत गेली. पिंजऱ्यात जागा उरली नाही तेव्हा गच्चीवर, गच्चीवर सेक्रेटरींनी हरकत घेतली तेव्हा खाली गेटजवळच्या मातीत. आमच्या गेटजवळ आज जी जास्वंदीची रांग दिसते, तिच्यातलं प्रत्येक झाड एकेका बाटलीचं आवरण म्हणून घरी आलेलं आहे. वनमहोत्सवाला इतकी खात्रीची योजना अजून कोणी दिलेली नाही.

वहिनींना यातलं काहीही लपवण्याजोगं वाटत नाही. वहिनी म्हणजे अप्पांच्या पत्नी. अप्पा पहिल्यांदा नाशिकला द्राक्षमळा 'पाहायला' निघाले, तेव्हा त्या आपणहून बरोबर गेल्या. कल्याणहून सकाळची तपोवन एक्स्प्रेस, आधी पंचवटीत काळारामाचं दर्शन, मग गंगापूर धरणाकडच्या बाजूला सुला. तिथल्या मुलीने छोट्या छोट्या घोटांनी पाच प्रकार ओतले, पेला कसा फिरवायचा, वास कसा घ्यायचा ते शिकवलं. अप्पा लघुलिपीत टिपणं घेत होते, त्यामुळे त्यांचा प्रत्येक घोट एकेक पेला मागे राहिला. वहिनींनी तिला एकच प्रश्न विचारला, सुला हे नाव कशावरून? मालकाने आईच्या नावावरून ठेवलंय, राजीव सामंतांच्या आईचं नाव सुलभा, असं मुलीने सांगितलं. "आईचं नाव दिलंय ना," वहिनी म्हणाल्या, "मग वाईट नसणार." आणि अप्पांनी लिहिता लिहिता बाजूला ठेवलेला शेनिन ब्लांचा पेला त्यांनीच संपवला.

शनिवारी संध्याकाळी साडेसातला त्यांच्या घरी कार्यक्रम असतो. मला पाहुणा म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून बोलावतात. अप्पा आधी बाटलीला थर्मामीटर लावतात, तापाचा नव्हे, मुलीने केक करायला आणून दिला होता तो. लाल वाइन म्हणे रूम टेंपरेचरला प्यायची. ही रूम ज्या कोणाची होती, तिचं तापमान सोळा-अठरा अंश असणार. मे महिन्यातल्या डोंबिवलीत एवढा थंडावा एकाच ठिकाणी मिळतो, फ्रिजच्या दारात, पण तिथे इडलीचं पीठ असतं. त्यामुळे वीस मिनिटं पीठ बाहेर, बाटली आत. मग बाटली बाहेर, पीठ आत. एकदा गोष्टीच्या नादात पीठ तासभर बाहेर राहिलं आणि दुसऱ्या दिवशी इडल्या अशा फुगल्या की वहिनी म्हणाल्या, आंबवण्याचा खरा अभ्यास आमच्याच घरात चाललाय, फक्त वही नाही.

मग पेला. अप्पा तो दांडीला धरून उजेडाकडे नेतात. फिरवतात. नाक घालतात. डोळे मिटतात. इथे साधारण पाच मिनिटं जातात, तोवर भजी गार होतात. मग बाटलीच्या पाठीवर छापलेलं इंग्रजी आठवून ते म्हणतात, "ब्लॅकबेरी. थोडा ओक." अप्पांनी ब्लॅकबेरी आयुष्यात पाहिलेली नाही, आणि ओकचं झाड वह्यांच्या बाहेर कुठे त्यांच्या वाटेत आलेलं नाही. वहिनी आपली वाइन स्टीलच्या फुलपात्रात घेतात, कारण काचेचे पेले घासताना फुटतात, आणि तिच्यात बर्फाचे दोन खडे टाकतात. अप्पांना तो बर्फ पाहवत नाही, ते तोंड फिरवून जास्वंदीकडे पाहतात. एकदा शिराझ होती. वहिनींनी एक घोट घेतला, दुसरा घेतला आणि म्हणाल्या, "करवंद."

अप्पा थांबले. पुन्हा वास घेतला.

"पिकलेलं. उन्हात तापलेलं," वहिनी म्हणाल्या. त्यांचं माहेर चिपळूणकडचं. "आम्ही परकराचे ओचे भरून आणायचो. अगदी तेच." 

बाटलीवाल्यांना जे सांगायचं होतं ते त्या दिवशी त्या खोलीत एकाच माणसाला कळलं होतं. अप्पांनी वहीत लिहिलं, 'करवंद (?)'. ते प्रश्नचिन्ह अजून तसंच आहे.

बागेचीही हीच गत. अप्पांच्या कुंड्यांना लेबलं आहेत, तारखा आहेत, मातीचा सामू मोजायच्या पट्ट्या आहेत. वहिनींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत कढीपत्ता, गवती चहा आणि ओवा आहे. त्यांना तांदळाचं धुवण मिळतं आणि अधूनमधून शिव्या मिळतात. इमारतीत कोणालाही कढीपत्ता लागला तर तो वहिनींकडून जातो. अप्पांच्या लेबल लावलेल्या कढीपत्त्यावर पिठ्या ढेकूण आहे. त्याचीही नोंद आहे.

पण अप्पांचा खरा जीव आहे तो वेलावर. नाशिकहून परतताना ते द्राक्षाची काडी घेऊन आले होते. निळा ड्रम अर्धा कापून त्यात ती लावली आणि पिंजऱ्यावर वेल चढवला. द्राक्षाच्या वेलाला आपल्याकडे वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराला फळ छाटणी. अप्पांनी दोन्ही तारखा कालनिर्णयवर एकादशीच्या खाली लिहिल्या. पहिल्या खरड छाटणीला त्यांनी पुस्तकाबरहुकूम वेल असा खरडला, की समोरच्या इमारतीतल्या बाई विचारायला आल्या, अप्पांच्या घरी सगळं ठीक आहे ना. वेल तरीही फुटला. मात्र नाशिकची कोरडी हवा ती कोरडी हवा आणि डोंबिवलीची ती डोंबिवलीची. पावसाळ्यात पानांवर तेलकट डाग आले, खाली पांढरी लव आली. अप्पांनी निदान केलं, केवडा.

केवड्यावर जालीम उपाय बोर्डो मिश्रण. आणि इथे अप्पांना ती गोष्ट सापडली, जी त्यांनी गेल्या दोन वर्षांत इमारतीतल्या प्रत्येकाला एकदा आणि मला दर शनिवारी सांगितली आहे. फ्रान्समध्ये बोर्डोजवळ मेदॉक नावाचा द्राक्षांचा मुलूख आहे. तिथे 1882 मध्ये मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं, की सगळीकडचे वेल केवड्याने झडलेत, पण रस्त्याकडेच्या ओळी तेवढ्या हिरव्यागार आहेत. का? तर जाणारे-येणारे द्राक्षं तोडून नेतात म्हणून मळेवाल्यांनी कडेच्या वेलांवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. ते निळं-पांढरं काहीतरी पाहून लोक हात लावत नसत. चोरांसाठी केलेली युक्ती बुरशीला लागू पडली. मिलार्देने तीन वर्षं प्रयोग करून 1885 मध्ये ते औषध म्हणून जाहीर केलं, आणि आजही नाशिकपासून सांगलीपर्यंत ते फवारलं जातं.

ही गोष्ट ऐकून माणूस मिलार्देचं कौतुक करील आणि आपल्या कामाला लागेल. अप्पांना मात्र तिच्यात खाली गेटजवळची जास्वंद दिसली. पहाटे पाच ते साडेसहा या वेळात डोंबिवलीत फिरायला निघणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या हातात प्लास्टिकची पिशवी असते आणि परतताना ती भरलेली असते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. देवासाठी नेलेल्या फुलाला चोरी म्हणायचं नाही, असा गावाचा संकेत आहे. अप्पांची लाल जास्वंद गेली तीन वर्षं दुसऱ्यांच्या गणपतींवर वाहिली जात होती. एका औषधात केवडाही जाणार आणि चोरही! अप्पांनी हिशेब मांडला. एक टक्का मिश्रणाला लिटरमागे मोरचूद दहा ग्रॅम, चुना दहा ग्रॅम. मोरचूद कल्याणहून आणला, चुना पानवाल्याकडून. दोन्ही वेगवेगळ्या बादल्यांत विरघळवून एकत्र ओतलं. आता मिश्रण जमलं की नाही, हे पाहायला त्यात लोखंडाचं पातं बुडवायचं असतं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. घरात लोखंडी पातं एकच होतं. वहिनींची विळी.

चुना कमी पडला होता.

वहिनींनी विळी उचलली, तिचं तांब्याचं झालेलं पातं उजेडात धरून पाहिलं, वास घेतला, अगदी अप्पा वाइनचा घेतात तसा, आणि काही न बोलता ठेवून दिली. त्या दिवशी जेवण बाहेरून आलं. अप्पांनी चुना वाढवला आणि संध्याकाळी वेलावर, जास्वंदीवर आणि वाऱ्याने साथ दिल्यामुळे पहिल्या मजल्याच्या दोरीवरच्या तीन पांढऱ्या शर्टांवर फवारणी केली. शर्टांचा विषय पुढे वार्षिक सभेत आला, तो वेगळा.

दुसऱ्या दिवशी पहाटे अप्पा खिडकीत दबा धरून बसले. ठरल्या वेळी पिशवी आली. शेजारच्या इमारतीतल्या आजी होत्या, ज्यांना अप्पा रोज देवळाबाहेर नमस्कार करतात. आजींनी निळसर-पांढऱ्या ठिपक्यांची जास्वंद पाहिली, हात मागे घेतला. अप्पांनी श्वास रोखला. मेदॉकचा रस्ता डोळ्यांपुढे आला असणार. आजींनी चष्मा पुसला, फूल जवळून पाहिलं आणि मान वर करून म्हणाल्या, "अप्पा, ही ठिपक्यांची नवीन लावलीत वाटतं? मला हिची एक फांदी द्या हो!"

अप्पांनी दिली. नाही म्हणायला काही कारण सापडेना.

वेलाला मात्र तिसऱ्या वर्षी घोस धरला. एकच. अप्पांनी त्याला मलमलीची पिशवी शिवून घेतली, पक्ष्यांपासून रक्षण म्हणून. घोस उतरवला तो एकोणीस मण्यांचा, आणि त्यातले दोन मला मिळाले. कोल्ह्याची जी बदनामी आपल्याकडे लहानपणापासून केली जाते, ती यापुढे थांबावी. कोल्हा जाणकार होता.

वहिनींचा धाकटा भाऊ ठाण्याला घोडबंदर रोडवर राहतो, अशा उंचीवर की तिथून येऊरचा डोंगर खाली दिसतो. त्याच्याकडे माती नाही. दिव्यांखाली ट्रेमध्ये मेथी-मोहरीचे कोंब उगवतात, त्यांना मायक्रोग्रीन्स म्हणायचं, आणि वाइनला स्वतंत्र फ्रिज आहे, ज्यात इडलीच्या पिठाला प्रवेश नाही. तो येतो तो विमानतळावरची बाटली घेऊन येतो आणि टेरवारवर बोलतो. म्हणजे वाइनमध्ये त्या त्या गावची माती, ऊन, पाणी उतरतं. "दाजी, डोंबिवलीच्या मातीत कधी चांगली द्राक्षं येणार नाहीत," असं तो गेल्या दिवाळीत म्हणाला, तेव्हा अप्पांचा गावाभिमान जागा झाला. "आमच्या मातीत नाही तर नाही," ते म्हणाले, "पण रोझेचा रंग आम्ही फेब्रुवारी 2020 मध्येच काढलाय." एमआयडीसीतला रस्ता तेव्हा रसायनांनी गुलाबी झाला होता आणि त्याचे फोटो देशभर छापून आले होते. ठाणेकर मेव्हणा निरुत्तर झाला. डोंबिवलीकराला प्रदूषणाचं दुःख आहेच, पण ते ठाणेकरापुढे करण्याइतका तो खालच्या थराला गेलेला नाही.

रिकाम्या बाटल्यांचं काय, हा प्रश्न अप्पांनी आपल्या पद्धतीने सोडवला. रद्दीवाल्याला दिल्या तर तो जिन्यातून खणखणत नेणार. म्हणून प्रत्येक बाटलीत पाणी भरून मनीप्लँटची फांदी, आणि ती बाटली जिन्याच्या पायरीवर. सौंदर्यीकरण. आता ज्याला अप्पांचा महिन्याचा हिशेब पाहायचा असेल त्याने तळमजल्यापासून चढत यावं. सेक्रेटरींनी वार्षिक सभेत तो आकडा वाचून दाखवला, तेव्हा अप्पा उठून परवाना आणायला घरी गेले आणि वहिनी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "त्यातल्या निम्म्या माझ्या आहेत." सभेने पुढचा विषय घेतला, तो शर्टांचा होता.

एवढं सगळं जगासमोर उघड झालं, तरी एका माणसापासून अप्पा अजून बाटली लपवत होते. कल्याणच्या त्यांच्या थोरल्या बहिणीपासून. ताई पारनाक्याला जुन्या वाड्यात राहतात, वय ऐंशीच्या पुढे, दात स्वतःचे. वाड्यात आड आहे, पारिजातक आहे, आणि त्यांना बाग म्हणायचं हे कोणाच्या डोक्यात आलेलं नाही. जेवण झालं की ताई कपाटातून द्राक्षासवाची बाटली काढतात, झाकणाने मोजून घेतात, तेवढंच पाणी घालतात आणि पितात. हे मी पाहतोय तेव्हापासून चालू आहे. द्राक्षं किंवा मनुका, गूळ, धायटीची फुलं आणि मसाले घालून ते सगळं आंबू द्यायचं, की आसव तयार होतं. आंबवताना मद्यांश आपोआप निर्माण होतो आणि त्याचा आकडा लेबलावर बारीक अक्षरात छापलेला असतो. अप्पांनी तो भिंगातून वाचला होता. गेल्या श्रावणाआधी ताई चार दिवस डोंबिवलीला राहायला आल्या, तेव्हा शनिवारी अप्पा भिंग, दोन्ही बाटल्या आणि परवाना घेऊन त्यांच्यासमोर बसले.

"ताई, हे पाहा. तू घेतेस त्यात आणि मी घेतो त्यात तत्त्वतः फरक नाही. दोन्हीकडे द्राक्षच आंबवलेलं आहे."

"माझं औषध आहे," ताई म्हणाल्या.

"माझंही. सरकारचा कागद आहे."

ताईंनी कागद पाहिला नाही. आपल्या बाटलीचं झाकण काढलं, धुऊन पुसून अप्पांपुढे धरलं. "दे बघू."

वहिनी भजी तळता तळता बाहेर येऊन उभ्या राहिल्या. अप्पांनी थर्मामीटर पाहिला, बाटली तिरकी केली, झाकण भरलं. ताईंनी ते एका दमात घेतलं, क्षणभर तोंडात घोळवलं, गिळलं आणि झाकण परत आपल्या बाटलीला घट्ट लावलं.

"पाणचट आहे रे," त्या म्हणाल्या. "आणि गूळ कुठाय? वैद्य बदल तू."